गर्दी पाखडताना

सांगवीत कॅमेरा बाहेर काढला की पहिल्यांदा टोपी सरळ होते. मग सदऱ्याचं वरचं बटण लागतं, पान खाणारा तोंड पुसून घेतो आणि पारावर पाय हलवत बसलेली चार माणसं शाळेतल्या पोरांसारखी ओळीत येतात. "आरं थांब की जरा, आण्णाला पण बोलव." आण्णा येतात. सगळे श्वास रोखून लेन्सकडं बघतात. ज्या गप्पांसाठी मी कॅमेरा काढला होता, त्या गप्पा तोवर संपलेल्या असतात.

गावात बेसावध फोटो निघत नाही, कारण गावात मी कोणाला परका नाही. नीरेच्या काठानं एकटा चाललो तरी वाटेत दोघं विचारतात, कशाचा काढतोयस, पेपरात येणार का. बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात मात्र मी कोणीच नसतो. कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी उतरते का, या प्रश्नापुढं माझ्या कॅमेऱ्याची काय मातब्बरी? लोक मला ढकलतात, पायावर पाय देतात, पिशवी घासून जातात, आणि बघत कोणी नाही. शहरातली गर्दी माणसाला एकटं पाडते अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. फोटो काढणाऱ्याला त्या एकटेपणाची फार गरज असते.

या प्रकाराला सगळे 'कँडिड' म्हणतात. हा शब्द घरोघरी पोचवला तो लग्नाच्या फोटोवाल्यांनी. त्यांच्याकडं 'ट्रॅडिशनल' आणि 'कँडिड' असे दोन वेगळे दर असतात, आणि कँडिडवाला नवरीला सांगतो, "ताई, तिकडं बघा आणि सहज हसा." असो. त्यांचाही धंदा आहे. मी बोलतोय ते रस्त्यावरच्या फोटोबद्दल. तिथं कोणाला काही सांगायचं नसतं, कोणाला हलवायचं नसतं, आणि एकदा गेलेलं परत मागता येत नाही.

माझी आजी सुगीनंतर ज्वारी दोनदा साफ करायची. आधी अंगणात, वाऱ्याचा अंदाज घेऊन, उभ्यानं सूप झटकत पाखडायची. भुसा उडून जायचा. मग सावलीत बसून तेच धान्य परातीत घ्यायची आणि एकेक खडा निवडायची. पाखडायला हात लागतो, निवडायला डोळा आणि सवड. रस्त्यावरच्या फोटोचंही असंच आहे. बाजारात उभ्या उभ्या चौकट धरणं हे पाखडणं. घरी येऊन शेकडो फोटोंतून एक काढणं आणि त्याच्यावर हात फिरवणं हे निवडणं. माझ्या एका फोटोचं हे दोन्ही काम कसं झालं, ते इथं सांगतो.

जागा आधी ठरली, माणसं नंतर आली. मंडईच्या अंगाला दोन भाजीवाल्यांच्या ताडपत्र्या शेजारी शेजारी होत्या, एक निळी आणि एक पिवळी. दोन्हींच्या मधे हातभर फट राहिली होती. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि त्या फटीतून उन्हाचा एक पट्टा तिरपा खाली उतरला होता. पट्ट्यात आलेला माणूस उजळायचा, एक पाऊल पुढं गेला की विझायचा. नवशिका माणूस बाजारात चेहऱ्यांच्या मागं धावतो. मीही काही वर्षं धावलो. फोटो म्हणून हाती आल्या त्या पाठी. नीरेच्या डोहात मासे धरणारा माणूस पाण्यात पळत नाही, गळ टाकून बसतो. उन्हाचा पट्टा हा माझा गळ होता.

मग पाठीमागचं बघितलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात फोटो काढणाऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नियुक्तीबद्दल अभिनंदन, आणि वरच्या कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराचे अठरा शुभेच्छुक. चित्रात अक्षरं आली की डोळा आधी अक्षरं वाचतो, चेहरे आले की त्या चेहऱ्यांकडं जातो. फ्लेक्सवर दोन्ही असतात. भाजी विकणाऱ्या बाईच्या डोक्यातून कोणा भावी नेत्याचा जोडलेला हात उगवलाय, असे फोटो माझ्याकडं ढिगानं आहेत. यावर उपाय साधा आहे, पण कॅमेऱ्यात नाही, पायात आहे. मी दोन पावलं डावीकडं सरकलो आणि थोडा वाकलो. फ्लेक्स बांबूच्या आणि लसणाच्या माळांच्या मागं गेला. चौकट मोकळी झाली.

लेन्स २८ मिलिमीटरची होती. लांबून झूम लावून काढावं असं अनेकांना वाटतं, त्यात धिटाई लागत नाही. पण लांब पल्ल्याची लेन्स गर्दीला चपटी करते. पुढचा आणि मागचा एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, आणि बघणाऱ्याला आपण गच्चीवरून डोकावतोय असं वाटत राहतं. रुंद लेन्सला जवळ जावं लागतं. जवळचा हात मोठा, मागचा माणूस लहान, मधे हवा. बघणारा बाजारात उभा राहतो.

जवळ जाऊन फोकस करत बसलं तर क्षण निघून जातो. म्हणून जुने छायाचित्रकार फोकस आधीच लावून ठेवत. हिशेब सोपा आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २८ मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एफ ८, आणि फोकस ३ मीटरवर. एवढं केलं की साधारण दीड मीटरपासून तीस मीटरपर्यंतचं सगळं डोळ्याला स्पष्ट दिसेल इतपत नेमकं येतं. म्हणजे बाजारातला जवळपास सगळा मामला. यापुढं कॅमेऱ्याला विचार करायला काही उरत नाही, तो माणसानं करायचा. मोबाइलवाल्यांना तर एवढीही यातायात नाही. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळं मुख्य कॅमेऱ्यात जवळपास सगळंच फोकसमधे राहतं. रस्त्यावरच्या फोटोसाठी मोबाइल कमअस्सल आहे, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

आता शटर. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर पुढं जातो. शटर सेकंदाच्या २५०व्या भागापुरतं उघडलं तर तेवढ्यात तो साडेपाच मिलिमीटर सरकतो, आणि तीन मीटरवरून ते जवळजवळ कळत नाही. तेच शटर सेकंदाच्या १५व्या भागापुरतं उघडलं, तर तो ९ सेंटिमीटर सरकतो आणि त्याचा धूर होतो. हा धूर म्हणजे चूक, असं मात्र नाही. रस्त्याच्या फोटोची सुरुवातच त्यातून झाली.

१८३८मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा खिडकीतून फोटो घेतला. दिवसाउजेडी, गजबजलेला रस्ता. पण त्या काळच्या पत्र्याला प्रकाश धरायला काही मिनिटं लागत. तेवढ्यात घोडागाड्या आणि पादचारी येऊन गेले, कोणाचाच ठसा उमटला नाही. फोटोत रस्ता ओस दिसतो. उरला फक्त एक जण, कोपऱ्यावर बुटाला पॉलिश करून घेत एका पायावर उभा असलेला. फोटोत आलेला हा पहिला माणूस मानतात. त्याला स्वतःला याचा पत्ता नसणार. तेव्हा पहिला कँडिड फोटो तोच म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडंही ही कला उशिरा आलेली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४मध्ये, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. पण तेव्हा काचेच्या ओल्या पट्ट्यांवर काम चाले, त्यांनाही सेकंदांचा उजेड लागे. त्या काळच्या फोटोंत इमारती कोरीव आणि रस्त्यावर जागोजाग पुसट डाग दिसतात. तो डाग म्हणजे चालत गेलेला कोणी हमाल, कोणी कारकून.

आणि मग १९९५मध्ये रघू राय यांनी तोच दोष गुण म्हणून वापरला. चर्चगेट स्थानकातला त्यांचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. लोकलमधून उतरलेली गर्दी नदीच्या पाण्यासारखी वाहत गेली आहे, कोणाला चेहरा नाही. आणि मधे वर्तमानपत्र वाचत थांबलेली काही माणसं दगडासारखी स्पष्ट. शटर मुद्दाम सावकाश ठेवलेलं. पॅरिसचा तो बूट पुसून घेणारा माणूस आणि चर्चगेटचे हे पेपरवाले, मधे १५७ वर्षं, पण न्याय एकच: गर्दीत जो थांबला तो उरला. मुंबईवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. माझ्या मते त्या एका चौकटीइतकं नेमकं त्यातलं थोडंच असेल.

माझ्या ताडपत्रीखाली मला धूर नको होता, हातांची लगबग हवी होती. आयएसओ ८००, अॅपर्चर एफ ८. सावलीत शटर २५० पुरलं असतं, पण उन्हाच्या पट्ट्यात पांढरी टोपी आली तर ती जळून जाणार. 'जळणं' हा आमच्या धंद्यातला शब्द. पांढऱ्यात सगळा तपशील नाहीसा होऊन तिथं नुसता कोरा कागद उरतो. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. बारामतीच्या बाजारात ते धरून चालत नाही. इथं पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि टोपीच्या सावलीत उन्हानं रापलेला सावळा चेहरा. टोपी सांभाळली तर चेहरा काळवंडतो, चेहरा सांभाळला तर टोपी जळते. नियम असा की टोपी वाचवावी. अंधारातला चेहरा नंतर बराचसा वर काढता येतो, जळालेली टोपी ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही. मी शटर १००० केलं आणि उभा राहिलो.

चाळीस मिनिटं उभा होतो. मधे एकानं विचारलं, "दादा, टमाटं काय भाव?" मी भाजीवाल्याचाच माणूस वाटलो, हे मला चांगलं लक्षण वाटलं.

उभं राहून बघायचं काय? चेहरे नाही, फटी. गर्दीचा फोटो बिघडतो तो डोक्यावर डोकं चढल्यामुळं. दोन माणसांच्या कडा एकमेकांवर आल्या की दोघांचा मिळून एक गोळा होतो आणि बघणाऱ्याला कोण कुठं संपलं ते कळत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या आकाराभोवती बोटभर हवा पाहिजे. ती हवा एका क्षणापुरती तयार होते आणि मोडते. ती तयार होताना ओळखणं, चौकट रचणं म्हणतात ते एवढंच. तिसऱ्या भागाचा नियम, कर्ण, समतोल हे पुस्तकात वाचावं आणि बाजारात विसरून जावं. पण चौकटीच्या कडा विसरू नयेत. मधलं सगळे बघतात, कडांना कोणी बघत नाही, आणि घरी आल्यावर कळतं की डावीकडून कोणाच्या मोटारसायकलचा अर्धा हँडल आत शिरलाय.

नऊ वाजून गेले होते. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा पट्ट्यात येऊन थांबले आणि तळहातावरची चिल्लर मोजू लागले. उजव्या कडेनं भाजीवाल्या मावशींचा हात कोथिंबिरीची जुडी घेऊन पुढं आला. मावशी बांबूआड होत्या, आला तो नुसता हात, हिरव्या बांगड्यांसकट. आणि आजोबांचं कोपर आणि ती जुडी यांच्या मधल्या फटीत, चार हात मागं, दोन रिबिनींच्या वेण्या घातलेली एक मुलगी पेरू चावता चावता थेट माझ्याकडं बघत होती. बाजारात मला पाहिलं ते तिनं एकटीनं. मी सात वेळा बटण दाबलं. आठव्याला फट बुजली.

या क्षणाला 'निर्णायक क्षण' म्हणायची पद्धत आहे. हे शब्द आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२च्या पुस्तकाच्या इंग्रजी नावातून आले. मूळ फ्रेंच नाव मात्र वेगळंच होतं, आणि ते मला जास्त आवडतं. त्यातला वाक्प्रचार परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणाऱ्या फेरीवाल्यांसाठी वापरतात; पोलीस दिसताच गाठोडं उचलून पळायच्या तयारीत असलेल्यांसाठी. म्हणजे घाईनं, चोरून, उठाठेवीत काढलेली चित्रं. नगरपालिकेची गाडी आल्याची हाक उठते तेव्हा आपल्या हातगाडीवाल्यांची जी धांदल उडते, ती ज्यानं पाहिलीय त्याला त्या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको. इंग्रजीनं त्या धांदलीचं तत्त्वज्ञान केलं.

याच कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२चा एक फोटो आहे, पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागं साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा. टाच पाण्याला टेकणार एवढ्यात फोटो थांबलाय. फोटो कातरू नये, कॅमेऱ्यातच पुरा करावा, असा आग्रह धरणारे हे गृहस्थ. पण हा फोटो त्यांनी कुंपणाच्या फटीतून घेतला होता, फळीचा काही भाग आत आला होता, आणि तो कापावाच लागला. एवढ्या मोठ्या माणसालाही कात्री चुकली नाही, हे मला धीर देणारं वाटतं.

जवळ जाऊनही नजरेत न येण्याची एक जुनी युक्ती होमाई व्यारावाला यांच्या पिढीच्या कॅमेऱ्यांत होती. होमाईबाई १९१३च्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. मुंबईच्या रोजच्या आयुष्याच्या फोटोंपासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढं दिल्लीत देशाचा इतिहास टिपला. त्यांच्या हाती असलेल्या कॅमेऱ्यांपैकी रोलायफ्लेक्स हा पोटापाशी धरून वरून आत डोकावायचा कॅमेरा. बघणारा मान खाली घालतो, देवळात उभा असल्यासारखा, आणि समोरच्याला डोळ्याला लावलेली नळी दिसत नाही. चित्र आत उलटं दिसतं, उजवं डावीकडं. सवय करावी लागते. आजच्या कॅमेऱ्यांचा उघडणारा पडदा तेच काम करतो. माझ्या आजोबा-मुलीच्या फोटोच्या वेळी माझीही मान खाली होती.

त्या दिवशी मी २१२ फोटो घेऊन परतलो. खरं काम इथून पुढं, आणि लोक इथंच कंटाळतात. संपादन म्हटलं की सगळ्यांना रंग, उजेड, फिल्टर आठवतात. संपादनाचा पहिला आणि मोठा भाग म्हणजे फेकणं. रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर फिरून ७६७ रोल खर्च केले, सत्तावीस हजारांच्या वर फोटो, आणि १९५८मध्ये निघालेल्या पुस्तकात ठेवले फक्त ८३. हजारातले तीन. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य काढलेले गॅरी विनोग्रँड तर काढलेले रोल वर्ष-वर्ष धुवायचेच नाहीत. फोटो काढतानाचा आनंद विसरल्याशिवाय फोटो कसा आहे ते कळत नाही, अशी त्यांची समजूत. १९८४मध्ये ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुता पडले होते. हे जरा अतीच झालं. पण मुद्दा खरा आहे. त्या सकाळचं ऊन, लसणाचा वास, आजोबांचा खोकला हे सगळं मला आठवतं, बघणाऱ्याला नाही. त्याला फक्त चौकट दिसते. म्हणून मी फोटो तीन आठवडे तसेच ठेवले.

तीन आठवड्यांनी २१२ मधून ३० उरले, तिसाचे नऊ झाले. त्या सात एकापाठोपाठच्या फोटोंत मला सगळ्यात आवडलेला होता तिसरा, आजोबांचा चेहरा पुरता उजळलेला. पण त्यात मुलीनं डोळे मिटले होते. पाचव्यात आजोबा थोडे वाकले होते, नाक आणि मिशीच उजेडात. मुलीची नजर मात्र खिळ्यासारखी. पाचवा ठेवला. चेहऱ्यापेक्षा नजर थोर.

मग हात फिरवणं. मी रॉ फाइल घेतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारातला चेहरा वर ओढताना पायऱ्या कमी असल्या तर तो चिखलासारखा फाटतो. टोपी वाचली होती, तिच्या शिवणी दिसत होत्या. चेहरा दीड पट्टी वर घेतला. त्याच्या पुढं गेलो असतो तर सावली खोटी वाटली असती. ताडपत्रीखाली अंधार असतो हे बघणाऱ्यालाही माहीत असतं. क्षितिज म्हणावं असं काही नव्हतं, पण बांबू कलला होता. तो सरळ करून बघितला आणि परत कलता केला. बाजारातले बांबू कललेलेच असतात.

निळी ताडपत्री हा अवघड प्रश्न. तिच्याखाली सगळी माणसं आजारी दिसतात. सावळी कातडी शाईत बुडवल्यासारखी होते. रंगाचा तोल पुरा सुधारला तर ताडपत्री करडी पडते आणि कोथिंबीर पिवळी. मी निम्मा निळेपणा काढला, निम्मा राहू दिला. कृष्णधवल करून बघायचा मोह झालाच. रस्त्यावरचा फोटो कृष्णधवल केला की लगेच गंभीर आणि जुना वाटायला लागतो, हा त्यातला फसवा भाग. माझ्या फोटोत तर हिरवी जुडी, हिरव्या बांगड्या आणि मागच्या बाईची लाल साडी तिन्ही एकाच करड्या छटेत विरघळल्या. हात कुठं संपतो आणि साडी कुठं सुरू होते, कळेना. जी हवा मी चाळीस मिनिटं उभं राहून मिळवली होती, ती एका बटणानं गेली. रंग परत आणले.

कातरायचं म्हणाल तर डावीकडून बोटभर कापलं. पण डाव्या कडेला, थोडं आत, एक पांढरी प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती. उजेडात चमकत होती आणि डोळा सारखा तिकडं जायचा. ती कापायला गेलो तर आजोबांचं कोपर कापलं जात होतं. हल्ली मोबाइलमध्येही बोट फिरवलं की नको ते पुसलं जातं, मागचं चित्र यंत्र आपल्या मनानं भरतं. एक सेकंदाचं काम.

२०१०मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत स्टेपान रुडिक यांना बक्षीस मिळालं होतं, कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामारीवरच्या फोटोंना. नंतर मूळ फाइल मागवली गेली. रुडिक यांनी फोटो भरपूर कातरला होता, कृष्णधवल केला होता, गडद केला होता, वर दाणेही चढवले होते. यापैकी कशालाच परीक्षकांनी हरकत घेतली नाही. पण एका फोटोतल्या पट्टी बांधलेल्या हातामागं कोणाच्या तरी बुटाचं टोक दिसत होतं, ते त्यांनी पुसलं होतं. बक्षीस काढून घेतलं. हसू येण्याइतकी क्षुल्लक गोष्ट, पण निवाडा मला योग्य वाटतो. कातरणं म्हणजे मी कुठं बघितलं ते सांगणं. पुसणं म्हणजे तिथं जे होतं ते नव्हतं म्हणणं. मी पिशवीचा उजेड थोडा उतरवला आणि ती राहू दिली. आजही डोळा तिकडं जातो.

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या दिवशी माणसांपेक्षा कॅमेरे जास्त वाटतात, आणि सगळ्यांचा फोटो एकच. तिथं मी एवढंच करतो की मेंढ्यांकडं पाठ फिरवतो. रिंगणाकडं बघणारे चेहरे, पोराला खांद्यावर घेतलेला बाप, टाळ काखेत धरून पायातला काटा काढणारा वारकरी. समोर काहीतरी मोठं चाललेलं असलं की लोक कॅमेरा विसरतात. बेसावध माणूस तिथंच भेटतो.

बेसावध माणसाचा फोटो घ्यावा का, हा प्रश्न उरतोच. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडं सरसकट बंदी नाही. पण २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं, आणि माणूस रस्त्यावर आला म्हणून तो हक्क घरी ठेवून येत नाही. कायद्याच्या पुढची गोष्ट रीतीची. जेवणारा, रडणारा, झिंगलेला, अंगावरचा कपडा सावरणारा माणूस मी टिपत नाही. कोणी "पुसून टाक" म्हटलं तर त्याच्यासमोर पुसतो. आणि ज्यांच्याकडं पुन्हा जाता येईल त्यांच्याकडं जातो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते एकदा येऊन नाही. त्यांच्यात पुन्हा पुन्हा जाऊन, वर्षानुवर्षं. ते बघताना फोटो चोरल्यासारखे वाटत नाहीत.

आजोबा परत दिसले नाहीत, मुलगीही नाही. मावशी मात्र दर गुरुवारी त्याच जागी बसतात. मी चार बाय सहाची प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी हात पदराला पुसले, प्रिंट उजेडात धरली, लांब केली, जवळ आणली.

"बांगड्या माझ्याच हायती. पण तोंड कुठाय?"

मी बांबू दाखवला. बांबूमागं तुम्ही होता, असं सांगितलं.

"मग बांबूचा काढलास व्हय फोटू?"

दोन भाजीवाल्या हसल्या. मावशींनी पुढ्यातला काटा बाजूला सारला, पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास रोखून लेन्सकडं बघितलं. पारावरच्या आण्णांसारखंच. मी समोरून, मधोमध, एकच फोटो काढला. तो पुढच्या गुरुवारी दिला. त्यांच्या घरी भिंतीवर लागलाय असं त्यांनी सांगितलं. पाचव्या फोटोची प्रिंट त्यांच्या गल्ल्याच्या डब्यात आहे, पालथी. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उधारी लिहिलेली असते.